सकाळचा चार

पावणेसातला फोन वाजला की अक्काचा दिवस सुरू व्हायचा. तशी ती त्याच्या कितीतरी आधी उठलेली असे. अंघोळ झालेली असे, दोन मिनिटं डोळे मिटून हात जोडून झालेले असत, डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी पाण्याबरोबर पोटात गेलेली असे. पण दिवस म्हणावा असं काही सुरू झालेलं नसे. फोनवर टिंग झालं की ती ओल्या हातानेच तो उचलायची. पडद्यावर एकच आकडा असायचा. चार. मग ती आपला आकडा पाठवायची, कधी तीन, कधी दोन, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात दोन्ही आकडे लिहून ठेवायची. वर टाचणीचा, म्हणजे तिच्या मैत्रिणीचा, खाली स्वतःचा.

"झाली का तुमची हजेरी?" नवरा आतून विचारायचा.

"झाली."

"तिकडच्या बाईसाहेब किती?"

"चार."

"आणि इकडच्या?"

"दोन."

"म्हणजे चहा मागायला हरकत नाही," असं म्हणत तो बाहेर यायचा. पूर्वी तिला अंथरुणातून उठवत नसे तेव्हा तोच उठून चहा करायचा, आणि इतका पाणचट करायचा की तो पिण्यापेक्षा बरं होणं परवडलं, असं ती एकदा म्हणाली होती. त्या दिवशी नवरा किती हसला होता. दीड महिन्यात पहिल्यांदाच ती काहीतरी विनोदाचं बोलली होती.

अक्का तेवीस वर्षं नर्स होती आणि त्यातली सोळा वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात. तिथे सकाळी पावणेसातला रात्रपाळीच्या नर्स दिवसपाळीच्या ताब्यात एकेक खाट द्यायच्या. काय दिलं, काय खाल्लं, झोप लागली का, आणि शेवटी तो प्रश्न, जो दर पेशंटला विचारायचाच असे: दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. पेशंट आकडा सांगायचा, नर्स चार्टवर लिहायची. त्या वॉर्डाच्या मोठ्या बाई फार कडक. कुणी नुसता आकडा ऐकून चार्ट भरला की त्या चार्ट परत हातात द्यायच्या आणि आवाज न चढवता विचारायच्या, "पट्टी उचलून बघितलीस का?" बस, एवढंच. पण त्या एवढ्यानेच माणूस जमिनीत जायचा.

टाचणी हे नाव मोठ्या बाईंनीच ठेवलेलं. ती अक्कापेक्षा दहा वर्षांनी लहान, अंगाने काडी, आणि सुई अशी टोचायची की पेशंट विचारायचा, "कधी टोचणार?" आणि ती म्हणायची, "झालं की मघाशी." जिभेनेही तशीच टोकदार. पण तिचं टोचणंही नंतर कळायचं. अक्काला ती पहिल्या दिवसापासून चिकटली. एका डब्यात जेवल्या, एका पाळीत उभ्या राहिल्या. अक्काला सख्खी बहीण नव्हती आणि टाचणीला तर आईशिवाय कुणीच नव्हतं.

मग एका सकाळी अक्का वॉर्डाच्या दारात उभी राहिली आणि तिला दार ढकलता येईना. हात दारावर होता. दार रोजचंच होतं. आदल्या दिवशी काही विशेष घडलं होतं असंही नाही. जे घडत आलं होतं ते सोळा वर्षं थोडं थोडं घडत आलं होतं, आणि ती ते अंगावर काढत आली होती. पाऊण तास ती तशीच उभी होती म्हणे. मागून टाचणी आली, तिने अक्काचा हात दारावरून सोडवला, एकेक बोट करून, आणि तिला घरी नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. गोळी चुकवायची नाही. रोज अर्धा तास चालायचं. आणि रोज एका माणसाला खरं सांगायचं.

"नवऱ्याला सांगते की," अक्का म्हणाली.

"त्यांना नको. त्यांना तुम्ही सांभाळून घ्याल. ज्याच्यापुढे सांभाळून घ्यावं लागत नाही असं कुणी शोधा."

शोधायचं कशाला? टाचणी दाराबाहेर बाकावर बसलेलीच होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपली पद्धत आहेच की गं. पावणेसातला आकडा द्यायचा. मी तुला, तू मला. खरा द्यायचा. पाच किंवा पाचाच्या वर गेला की दुसरीने हातातलं टाकून निघायचं. कारण विचारायचं नाही."

"तुझं काय दुखतंय?"

"काही नाही. पण पेशंट एकटाच उघडा पडला की लाजतो, एवढी नर्सिंग मला येते."

अशी त्या नेमाची सुरुवात झाली. नेम पाळणाऱ्याला ठाऊक असतं, नेमात मोठेपणा नसतो. रोज तीच वेळ, तीच कृती, मन असो वा नसो. मन नसलेल्या दिवसांसाठीच तर नेम असतो. अक्काने तो तसाच धरला.

तिसऱ्या महिन्यात एकदा तिने सहा पाठवला. तासाभरात टाचणी दारात हजर, युनिफॉर्मवर, पाळी सोडून आलेली. काही विचारलं नाही. अक्काला खिडकीशी बसवलं, केसांतला गुंता सोडवला, मग नेलकटर काढून तिची नखं कापली, हाताची आणि पायाचीही. पेशंटची कापतात तशी, प्रत्येक बोट वेगळं धरून. "किती वाढवलीस गं," एवढंच म्हणत राहिली. अक्का त्या दिवशी रडली. तिला वाटलं होतं, रडणं आपल्यातून संपलंच.

नोकरी सोडल्यावर अक्का चष्म्याच्या दुकानात लागली. पंचेचाळिसाव्या वर्षी. दुकानाचे मालक काका सत्तरीचे, बारीक डोळ्यांचे. त्यांनी तिला आधी काचा पुसायला शिकवलं, मग नाकावरच्या गाद्या बदलायला, मग चाकावर काच घासून फ्रेमच्या मापाला आणायला. संध्याकाळी ती त्याच कामाच्या वर्गाला जायची. वर्गातल्या मुली तिच्या लेकीएवढ्या. पहिल्या दिवशी एकीने तिला शिक्षिका समजून जागा करून दिली. घरी आल्यावर अक्काने दाराशी ठेवलेले वॉर्डातले पांढरे बूट पाहिले आणि तिला भरून आलं. तेवीस वर्षं कुणी हाक मारली की ती 'सिस्टर' म्हणूनच असे. आता ती कोण होती? बूट तिने कपाटात टाकले, दुसऱ्या दिवशी परत काढून दाराशी ठेवले. काकांना हे सगळं न सांगता कळलं असावं, कारण त्यांनी तिला 'सिस्टर' म्हणणं कधीच सोडलं नाही.

"काका, मी आता सिस्टर नाही."

"मग बंद करतो. उद्यापासून काय म्हणू?"

ती हातातली काच पुसत राहिली.

"तोवर सिस्टरच," काका म्हणाले.

चार-पाच महिन्यांनी टाचणीनेही वॉर्ड सोडला. "तू गेलीस आणि तिथे बोलायला भिंतीच उरल्या," ती म्हणाली. तिला एका विमा कंपनीच्या ऑफिसात फोनवरचं काम मिळालं. कानाला हेडफोन लावून दिवसभर बसायचं. ज्यांचे अर्ज नामंजूर झाले असतील त्यांचे फोन यायचे, आणि हिने समोरच्या कागदावरचं ठरलेलं वाक्य वाचून दाखवायचं. ऐकणारे रडायचे, शिव्या द्यायचे, कुणी नुसतेच गप्प व्हायचे. वॉर्डात निदान कपाळावर हात ठेवता यायचा. इथे हात टेबलावर.

"इथे सुई नाही गं अक्का, पण टोचायचं काम तेच," ती हसून म्हणायची. "फक्त औषध आत जात नाही."

तिचे आकडे तेव्हा वरखाली व्हायचे. दोन, तीन, परत दोन, एकदा एक. मग एके दिवशी पाच आला.

त्या दिवशी साडेनऊला अक्काची प्रॅक्टिकल परीक्षा होती. तिने पाच पाहिला, पिशवी उचलली आणि टाचणीकडे गेली. टाचणी घराच्या पायरीवर बसली होती. ऑफिसचे कपडे अंगावर, एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची सुटी. आतून तिची आई बघत उभी. अक्काने खाली बसून दुसरी नाडी बांधली. मग दोघी चालायला गेल्या, कुठे असं काही नाही, नुसत्याच गल्लीमागून गल्ली. दुपारपर्यंत टाचणीच्या तोंडावर जरा रंग आला. घरी येऊन दोन घास खाल्ले. अक्का हात धुवायला गेली तेव्हा टाचणीने तिच्या पिशवीतून रुमाल काढला आणि रुमालाबरोबर परीक्षेचं प्रवेशपत्र बाहेर आलं. त्यावर तारीख होती.

"आज होती?"

"पुन्हा देता येते. चार महिन्यांनी."

टाचणीने कागदाला पडलेली घडी बोटाने सरळ केली, हळू, पट्टी गुंडाळावी तशी, आणि तो परत पिशवीत ठेवला. अक्काला तेव्हा वाटलं, बरं झालं, मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन आला. तिसऱ्या दिवशी चार. आणि मग रोज चारच.

पाचावरून उतरलं आणि चारावर थांबलं. वॉर्डात याला 'स्थिर' म्हणतात. स्थिर पेशंटच्या खाटेपाशी पाळी बदलताना कुणी फार वेळ घालवत नाही. तेवीस वर्षं आकड्यांवर चाललेलं डोकं, त्याने कॅलेंडरवरची ती चारांची सरळ रांग पाहिली आणि ते निर्धास्त झालं. भेटायचं म्हटलं तर टाचणी म्हणायची, सुट्टी नाही गं. फोन केला तर म्हणायची, आधी परीक्षा दे, मग बोलू पोटभर. अक्काने परीक्षा दिली. पास झाली. काकांनी दुकानात दुसरी खुर्ची आणली, नजर तपासायची, खास तिच्यासाठी. तिने टाचणीला खुर्चीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "आता या खुर्चीवरून हललीस तर बघ."

खरं सांगायचं तर अक्काला तो चार आवडायला लागला होता. तो आला की जिवात जीव यायचा आणि दुकानात जायला मोकळीक मिळायची. हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं, आणि त्या कबुलीला कुठे ठेवावं हे तिला आजही कळलेलं नाही.

त्या मंगळवारी दुकानात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सुनेबरोबर. अक्काने त्यांच्या डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवली, समोर अक्षरांचा तक्ता लावला, आणि एकेक काच घालून विचारू लागली.

"ही बरी, की मघाची बरी?"

"सारखंच आहे."

"आता?"

"सारखंच."

"आणि ही?"

"दोन्हींनी सारखंच दिसतंय हो. ठीक आहे ते. द्या कुठलाही."

अक्का वहीत लिहायला वळली, तर काका आपल्या खुर्चीवरून उठून आले. त्यांनी लिहू दिलं नाही. सुनेला म्हणाले, "तुम्ही जरा फ्रेमी बघा तिकडे," आणि ती लांब गेल्यावर खाली वाकून बाईंना म्हणाले, "ताई, घाई नाही. आम्हाला त्रास होत नाहीये. नीट दिसत नसेल तर नाही म्हणा."

बाईंचे ओठ हलले. मग म्हणाल्या, "वरची ओळसुद्धा नाही दिसत. पण तिला ऑफिसला उशीर होतोय."

त्या गेल्यावर काका चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसत म्हणाले, "सिस्टर, एक लक्षात ठेवा. जो माणूस खरंच बघत असतो ना, तो कधी बरं म्हणतो, कधी वाईट म्हणतो, मध्येच आपल्यावर वैतागतो. सारखंच, सारखंच म्हणणारा बघत नसतो. तो आपल्याला मोकळं करत असतो."

अक्काच्या हातात काच होती. ती तिने खाली ठेवली. चारांची रांग डोळ्यांपुढे आली, चौकोनामागून चौकोन, चार, चार, चार, आणि तिला तो जुना, न चढलेला आवाज ऐकू आला. पट्टी उचलून बघितलीस का?

तिने टाचणीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच.

"काका, मी जाऊ?"

काकांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिची पिशवी खुंटीवरून काढून हातात दिली. "हे काय विचारणं झालं?"

टाचणीच्या आईने दार उघडलं आणि अक्काला बघून ती एक पाऊल मागे सरली. चोरी पकडली गेल्यासारखी. मागे फळीवर टाचणीचा फोन होता, चार्जरला लावलेला, आणि त्याच्या खाली घडी करून ठेवलेला स्वच्छ रुमाल.

"मावशी, टाचणी कुठे?"

"बस ना. पाणी आणते."

"मावशी."

मावशी उभ्याच होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. "दवाखान्यात आहे," त्या म्हणाल्या. "बावीस दिवस झाले."

"अहो, मग आज सकाळी चार कुणी..."

"मी."

अक्का खाली बसली. खुर्ची जवळ होती, पण ती जमिनीवरच बसली. मावशी तिच्यासमोर हळूहळू टेकल्या आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेचनात.

"आधी ऑफिसला जायची बंद झाली. मग उठायची बंद झाली. जेवायची नाही. मी म्हणायचे, अक्काला बोलावते, तर माझा हात धरायची. म्हणायची, आई, मी एकदा बोलावलं तर तिची परीक्षा गेली. आता ती कुठे उभी राहतेय. तोंडातून ब्र काढू नकोस. मग त्या दिवशी..." मावशी थांबल्या. "जीव द्यायला निघाली होती गं माझी पोर. मी वेळेवर खोलीत गेले, म्हणून. दवाखान्याच्या गाडीत घालताना शुद्ध होती तिला. मला म्हणते, आई, सकाळचा चार चुकवू नकोस."

"आणि तुम्ही पाठवत राहिलात?"

"मी शाळेत गेले नाही, बाळ. पण आकडे ओळखते, चार काढता येतो मला. तिनेच बोट धरून दाखवला होता, कुठे दाबायचं ते. पावणेसात चुकू नयेत म्हणून मी साडेपाचपासून फोन मांडीवर घेऊन बसते." त्यांनी डोळे पुसले. "रोज पाठवते आणि रोज देवाची माफी मागते. खोटं आहे ना ते? पण मला असं वाटायचं, हा चार जातोय तोवर ती आहे. एक दिवस नाही गेला, तर..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अक्कानेही करू दिलं नाही. ती त्यांचा हात धरून बसली. बावीस सकाळी तिने त्या आकड्याखाली आपला आकडा लिहिला होता. बावीस सकाळी ती हलक्या मनाने चहा प्यायली होती.

"तुझा आकडा आला ना," मावशी म्हणाल्या, "की मी भेटीच्या वेळेला जाऊन तिला सांगायचे. अक्काचे आज दोन आहेत. तेवढंच ऐकायची. बाकी कशाने मान हलवत नाही ती. दोन म्हटलं की डोळे मिटते, बरं वाटल्यासारखी."

भेटीची वेळ चार ते पाच होती. वॉर्डाच्या दाराशी एक तरुण नर्स रजिस्टर घेऊन बसली होती. अक्काने सवयीने तिच्या बुटांकडे पाहिलं. पांढरे, टाचेला झिजलेले.

"फक्त घरचे," नर्स म्हणाली. "तुमचं पेशंटशी नातं काय?"

अक्काने तोंड उघडलं, पण नात्याचं नाव काही सापडेना. एका डब्यात जेवलेल्यांना काय म्हणतात? हाच प्रश्न तिने स्वतः किती जणांना विचारला असेल, असाच, वर न बघता, आणि किती जणांना दारातून परत पाठवलं असेल.

"थोरली माझी," मावशी मागून म्हणाल्या. "हिची मोठी बहीण. लिहा."

नर्सने लिहिलं.

समोर वॉर्डाचं दार होतं. अक्काने त्यावर हात ठेवला आणि हात तिथेच राहिला. त्या सकाळसारखाच. आतला तो वास, फिनेलचा आणि उकळलेल्या कापडाचा, फटीतून येत होता. तेव्हा मागून यायला टाचणी होती. आता मागे कुणी नव्हतं, मावशी होत्या, त्या आपल्या वाट बघत होत्या. अक्काने मनात देवाचं नाव घेतलं, खांद्याने दार ढकललं आणि आत गेली.

टाचणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगाने आधीच काडी, आता चादरीखाली कुणी आहे की नाही कळू नये अशी. उशीवर तिचा हात होता, आणि तो थरथरत होता. औषधांनी थरथरत असणार, अक्काला ठाऊक होतं. तरीही तिला ते बघवेना. पेशंटला न कळता सुई टोचणारा तो हात.

"टाचणे."

काही नाही.

"मी आहे. अक्का."

टाचणीने मान वळवली. डोळे अक्कावर आले, पण आले म्हणजे फक्त आले. ओठ कोरडे पडले होते.

"दुकान?" ती म्हणाली.

"आहे दुकान. खुर्ची पण आहे. कुठे जात नाही ती." अक्का खाटेच्या कडेला बसली. मग तिने तो प्रश्न विचारला, जो तिने आयुष्यात हजारो वेळा विचारला असेल. "किती आहेत आज?"

टाचणी छताकडे बघत राहिली. शेजारच्या खाटेवरची बाई पाण्याचा पेला शोधत होती. मावशींनी उठून तो तिच्या हातात दिला.

"चार," टाचणी म्हणाली. त्याच सरळ आवाजात. "तू जा. कामावर जा."

अक्काने चार्ट भरला नाही. तिने चादर बाजूला केली, टाचणीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बघितलं. नखं वाढली होती. कडेची कातडी कुरतडून कुरतडून लाल झाली होती, दोन बोटांना तर रक्त सुकलेलं. तिने पिशवीतून नेलकटर काढलं, ते वापरण्याआधी दाराशी जाऊन नर्सला विचारून, दाखवून आली, नियम तिला माहीत होते, आणि परत येऊन अंगठ्यापासून सुरुवात केली. प्रत्येक बोट वेगळं धरून. हात थरथरायचा तेव्हा थांबायची.

"किती वाढवलीस गं," ती म्हणाली.

टाचणीने हात तसाच सोडला.

"माझे विचारले नाहीस."

"दोन," टाचणी म्हणाली. "आई म्हणाली."

"ते सकाळचे. आत्ताचे आठ आहेत."

टाचणीच्या बोटांनी अक्काचं बोट पकडलं. टाचणीने मान पुरती वळवली आणि बऱ्याच दिवसांनी, मावशींनी नंतर सांगितलं, बावीस दिवसांत पहिल्यांदाच, ती कुणाकडे तरी बघितल्यासारखं बघू लागली.

"खरे?"

"नेम खरं सांगायचा आहे ना? आठ. मघाशी दारात नऊ होते." अक्काने तिची बोटं दाबली. "पाचाच्या वर गेलं की दुसरीने यायचं, असं ठरलंय आपलं. कारण न विचारता. हातातलं टाकून. तूच ठरवलं होतंस."

टाचणीच्या डोळ्यांच्या कडेने पाणी निघालं आणि कानाकडे उतरलं. ते पुसायला तिने हात उचलला, पण तो तिथपर्यंत पोचला नाही. तिने उठायचा प्रयत्न केला. कोपरावर भार दिला, खांदा उशीपासून चार बोटं वर आला. अक्का बघत होती. मावशी बघत होत्या. खांदा परत खाली गेला.

"मला येता येत नाहीये गं अक्का," टाचणी म्हणाली. लहान मुलाने चूक कबूल करावी तसं. "मी खूप करून बघितलं. मला तुझ्यापर्यंत येताच येत नाहीये."

धीराची वाक्यं अक्काला पाठ होती, तेवीस वर्षं तिने ती दुसऱ्यांना दिली होती. त्यातलं एकही तिच्या तोंडाला आलं नाही. तिने टाचणीच्या डोळ्यांच्या कडा अंगठ्याने पुसल्या, दुसरा हात मांडीवर घेतला आणि करंगळीपासून नखं कापत राहिली. पाचची घंटा झाली तेव्हा दोन बोटं राहिली होती. नर्स दारात येऊन उभी राहिली, तिने घड्याळाकडे बघितलं, मग अक्काच्या हातांकडे, आणि परत गेली. दोन बोटं पुरी झाली.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "किती?" आणि तिचं तोंड बघून तो चहाचं आधण ठेवायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला फोनवर टिंग झालं. चार. मावशींना सांगायचं राहून गेलं होतं, की आता नाही पाठवला तरी चालेल. किंवा त्यांनी ऐकलंच नसतं. अक्का त्या आकड्याकडे बघत बसली. मग तिने खाली आपला खरा आकडा लिहिला, सात, आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात वरची जागा मोकळी सोडली. दुकानात फोन करून काकांना सांगितलं, की चार वाजले की रोज तासभर जावं लागेल.

"जा की," काका म्हणाले. "खुर्ची कुठे पळून चाललीय?"

दाराशी पांढरे बूट होते. तिने ते उचलले, धूळ झटकली, आणि संध्याकाळी वॉर्डाच्या फरशीवर घसरायला नको म्हणून पायात घातले.